गावातली जातिवंत कुत्री टिकवायची तर काय काय करावं लागतं, उत्तर रशियाच्या लायका कुत्र्यांवरनं शिकलेलं

गेल्या एप्रिलात निपाणीत एका ओळखीच्या घरी हस्की बघितली. दुपारचे दोन, बाहेर ऊन रखरखायलंय आणि ती बिचारी कूलरसमोर फरशीला पोट चिकटवून पडलेली, नुसती धापा टाकायली. मालक चांगला माणूस, जीव लावलाय त्यानं तिला, म्हणून मी काय बोललो नाही. पण बसमधनं परत येताना डोक्यात एकच चाललेलं, की हिचे पूर्वज सैबेरियाच्या पार टोकाला चुकोटकात बर्फावर गाडी ओढायचे, आणि आपल्याकडं उन्हात पळायला जन्मलेली कुत्री पिढ्यान् पिढ्या होती तिथं आता एक खरी कारवानी, म्हणजे आपल्याकडची बारीक अंगाची पळणारी जात, शोधायची तर चार गावं हिंडावी लागतात.

माझं गाव कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात. आमच्या घरात आजोबांपासून कारवानी होती. मुधोळ आमच्यापासून काय लांब नाही, घटप्रभेच्या काठाला धरून गेलं की आलंच, तिकडं ह्याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात आणि आमच्याकडं वाडीवस्तीवर कारवानी. वडिलांच्या काळात आमची चांदी माजावर आली तेव्हा लांब जायचा कंटाळा म्हणून जवळच्याच एका शर्यतीच्या नराला दाखवली, तो ग्रेहाउंड ह्या विलायती शर्यतीच्या कुत्र्याच्या रक्ताचा होता. पिल्लं बघायला झकास, तीनशे मीटर तर उडतच जायची. पण शेतावर दिवसभर फिरायचं म्हटलं की अकरा वाजताच सावली धरायची, पायाला लगेच जखमा व्हायच्या, आणि राखणीला तर कामाचीच नव्हती. पुढं चांदी गेली आणि आजोबांनी चाळीस वर्षं धरलेली ओळ एका मेटिंगमध्ये संपली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी वही करायला लागलो, आणि जगात अजून कुणी कुणी जुनी कुत्री टिकवलीत ते वाचत गेलो तर सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते उत्तर रशियातल्या लायकांकडनं. म्हणून त्यांचं थोडं आधी सांगतो, मग आपलं.

लायका म्हटलं की आपल्याला 1957 ची अंतराळात गेलेली कुत्री आठवते. ती खरंतर मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी होती, तिचं फक्त नाव तसं पडलं. लायका म्हणजे रशियनमध्ये भुंकणारी. उत्तरेच्या जंगलातला शिकारी बर्फात चालत असतो, कुत्रं पुढं लांब कुठंतरी एकटंच फिरत असतं, नाकानं कानानं डोळ्यानं खार नाहीतर सेबल नावाचा मुंगसासारखा प्राणी शोधतं, तो झाडावर चढला की खाली थांबून भुंकत राहतं, माणूस येईपर्यंत. अर्धा तास लागो नाहीतर तास लागो, झाड सोडायचं नाही. ह्या चिकाटीला तिकडं वेगळा शब्दच आहे आणि कुत्र्याची परीक्षा घेताना त्याचे मार्क असतात. आणि भुंकायचंही बेतानं, मोठ्या रानकोंबड्यावर फार जोरात भुंकलं तर तो उडून जातो.

आता गंमत बघा, अशी कुत्री एका जातीची नव्हती. कोमी लोकांची वेगळी, मान्सींची वेगळी, खांतींची वेगळी, बैकाल सरोवराच्या बाजूला एवेंकींची वेगळी, करेलियात अजून वेगळी, जवळजवळ प्रत्येक मोठ्या नदीच्या खोऱ्याला स्वतःचं कुत्रं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पातळीवर ह्या सगळ्यांच्या चार जाती ठरवल्या: रशियन-युरोपियन, पश्चिम सैबेरियन, पूर्व सैबेरियन आणि करेलो-फिनिश. त्यामुळं एक चांगलं झालं, नोंदी सुरू झाल्या, कामाच्या परीक्षा सुरू झाल्या. पण मान्सी आणि खांती ह्या दोन वेगळ्या ओळी पश्चिम सैबेरियन ह्या एका नावाखाली गेल्या, आणि मूळचं स्थानिक कुत्रं फक्त आत आत, जिथं रस्ता पोचला नाही तिथंच शिल्लक राहिलं. पुढं तेल निघालं, रस्ते झाले, बाहेरची माणसं आली, त्यांच्याबरोबर त्यांची कुत्री आली आणि मिसळली. 1971 पासून बुरान नावाची बर्फावर चालणारी मोटर यायला लागली तशी गाडीला जुंपायची कुत्री पण बिनकामाची झाली. काम गेलं की माणूस त्या कुत्र्याला खायला का घालेल, निवडून मेटिंग का करेल, हे तिथलं तसंच इथलं.

अजून एक गोष्ट मला फार लागली. सामोयेड नावाचं पांढरंशुभ्र केसाळ कुत्रं मोबाईलवर बघितलं असेल तुम्ही. ते आलं उत्तरेकडच्या नेनेत्स लोकांच्या रेनडियर, म्हणजे बर्फातली हरणं, राखणाऱ्या कुत्र्यांपासून. 1889 मध्ये अर्खांगेल्स्क भागातनं एक पिल्लू इंग्लंडला गेलं, मग अजून थोडी गेली, आणि तिकडं पांढरा रंग आवडला म्हणून पांढराच धरला. यमाल भागात नेनेत्स लोकांकडं आजही तीच कुत्री कळपामागं पळतात पण ती काळी आहेत, करडी आहेत, तांबडी आहेत, ठिपक्याची आहेत, कारण रेनडियर वळवताना रंगाचा काय उपयोग. एकाच मुळाची दोन कुत्री, एक दिसण्यावर निवडलं, एक कामावर.

तर आता आपल्याकडं काय करायचं ते सांगतो. हे मी सहा वर्षं करतोय, चुका करून करून शिकलोय.

पहिलं काम म्हणजे वही. कुत्रं विकत घ्यायच्या आधी वही घ्या. आपल्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात जेवढी बरी कुत्री आहेत, कारवानी म्हणा, तिच्यातलीच केसाळ पश्मी म्हणा, धनगराच्या वाड्यावरची राखणीची म्हणा, सगळी बघून या. प्रत्येकाला एक पान. नाव, मालक, गाव, नर का मादी, रंग, जन्म कधीचा, आई कोण, बाप कोण, आईची आई कोण, काय काम करतं, आजार काय झाला होता, आणि मेलं तर कशानं मेलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी लिहीत नाही. फोटो एका बाजूनं, कुत्रं उभं असताना, सपाट जागेवर, माणसाच्या गुडघ्याशेजारी म्हणजे उंचीचा अंदाज येतो. आपल्या भागात एक घोळ होतो तो सांगतो, इथं अर्धी कुत्री राजा नाहीतर टायगर, आणि तेच कुत्रं एका घरात मराठी नावानं तर विकल्यावर कानडी घरात दुसऱ्या नावानं, त्यामुळं माझ्या वहीत दोन वर्षं एकच नर दोन पानांवर होता. आता मी कातडीखाली मायक्रोचिप लावून घेतो, पंधरा आकडी नंबर असतो, नाव काही का असेना नंबर तोच राहतो. दवाखान्यातलं लसीचं कार्ड कानडीत असतं, ते पण वहीच्या मागच्या खिशात ठेवा, जन्मतारीख बऱ्याचदा तिथंच खरी सापडते.

म्हाताऱ्या माणसांशी बोला. चहाला बसा, घाई करू नका. मला तीन पिढ्या मागची माहिती मिळाली ती अथणीकडच्या एका मेंढपाळ आजींकडनं, त्यांनी कुत्र्यांची नावं अशी सांगितली जशी आपण नातवंडांची सांगतो. वंशावळ कागदावर नसली तरी ती कुणाच्या तरी डोक्यात असते, आणि ते डोकं गेलं की गेली.

दुसरं, कुत्र्याला काम द्या. इथं जरा थांबून सांगतो कारण सगळं इथंच अडतं. रशियात शिकारी कुत्र्यांची एक पद्धत मला पटते, तिथं नुसतं प्रदर्शनात उभं करून कुत्र्याला सगळ्यात वरचा दर्जा मिळत नाही, जंगलात परीक्षा देऊन कामाचा डिप्लोमा आणावा लागतो. कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यती पण त्यासाठीच उपयोगी पडल्या, कामचटकात 1990 पासून बेरिंगिया आणि चुकोटकात 1991 पासून नदेझ्दा, नदेझ्दा म्हणजे आशा. मोटर आली तरी शर्यतीसाठी लोक गाडीची कुत्री पाळायला लागले, कारण गावात मान मिळायला लागला.

आपल्याकडं शिकार करायची नाही, हे आधी स्पष्ट. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, हरणाची तर आहेच, आणि कुत्र्याच्या नावाखाली ससे मारणारे लोक हे कुत्र्याचंच नाव खराब करायलेत. पण नजरेनं धरून पळणाऱ्या कुत्र्याला पळवायचं तर ससा लागत नाही. जुन्या मोटरसायकलचं चाक उलटं करून त्यावर दोरी गुंडाळायची, दोरीच्या टोकाला पांढरी प्लास्टिकची पिशवी, तीनशे-चारशे मीटर लांब सोडायची आणि ॲक्सिलरेटर दिला की पिशवी पळते. मध्ये दोन कप्प्या ठोकल्या तर वळण पण घेते. ज्वारी काढल्यावर लगेच त्या रानात पळवू नका, धसकटं पायात घुसतात, तुरीच्या खुंट्या तर त्याहून वाईट. नांगरून पाळी घातलेलं रान नाहीतर माळ बघा. सकाळी सहा ते आठ, त्यानंतर नाही. आणि नुसता वेग बघू नका, वेग तर ग्रेहाउंड जास्तच देईल. मी बघतो ते असं: तीन वेळा पळवल्यावर चौथ्यांदा मनानं पळतंय का, श्वास किती वेळात खाली येतो, दुसऱ्या दिवशी लंगडतंय का, आणि दिवसभर शेतात माझ्याबरोबर फिरून संध्याकाळी जेवतंय का. आमच्या मातीवर, आमच्या उन्हात, हेच खरं मार्कशीट.

राखणीच्या कुत्र्याचं काम वेगळं. धनगराच्या खांडाबरोबर, म्हणजे मेंढ्यांच्या कळपाबरोबर, राहणारं कुत्रं लांडग्याला मारायला नसतं, त्यानं वेळेवर भुंकून माणसाला उठवायचं आणि लांडग्याला लांब ठेवायचं. त्याची परीक्षा एका दिवसात होत नाही, मेंढक्याला विचारायचं की वर्षात किती बकरी गेली आणि कुत्रं रात्री कुठं झोपतं, खांडाजवळ का चुलीजवळ. असं कुत्रं दिसायला साधं असतं म्हणून कुणी त्याला जातिवंत म्हणत नाही, पण माझ्या मते तेच सगळ्यात आधी संपेल, कारण त्याचा फोटो कुणी काढत नाही.

तिसरं, मेटिंग. इथं हिशोब लागतो पण अवघड नाही. सख्ख्या भावाबहिणीचं किंवा बापलेकीचं मेटिंग केलं तर पिल्लात रक्त दाटायचं, म्हणजे आईबापाकडनं एकच गुण दुहेरी यायचं, प्रमाण 25 टक्के, सावत्र भावंडात 12.5, चुलत-मावस भावंडात 6.25. मी 6.25 च्या वर जात नाही, आणि तेवढं पण नाईलाज असेल तरच. लोक म्हणतात रक्त शुद्ध ठेवायला घरातच द्यावं, पण त्यानं पिल्लं कमी होतात, अशक्त होतात, एखादा लपलेला रोग वर येतो.

दुसरी चूक म्हणजे एकच नावाजलेला नर. एखादा शर्यत जिंकला की आसपासच्या सगळ्या माद्या त्यालाच. ह्याचा एक सोपा हिशोब आहे: नर आणि माद्या यांच्या संख्येचा गुणाकार करा, चारानं गुणा, आणि दोघांच्या बेरजेनं भागा. 20 माद्या आणि 1 नर असेल तर उत्तर येतं 4 पेक्षा कमी. म्हणजे दिसायला एकवीस कुत्री, पण पुढच्या पिढीच्या हिशोबात जेमतेम चार. त्याच एकवीस कुत्र्यांत 5 नर आणि 16 माद्या असतील तर उत्तर 15 च्या वर जातं. म्हणून आमच्यात आम्ही ठरवलंय, एका नराला दोन नाहीतर तीन माद्या, मग त्याला थांबवायचं आणि त्याच्या भावाला न देता दुसऱ्याच ओळीच्या नराला संधी द्यायची, जरा कमी देखणा असला तरी चालेल.

मादी माजावर आली की पहिले आठ-नऊ दिवस रक्त असतं आणि ती नराला जवळ येऊ देत नाही, मग पुढचे आठवडाभर देते, बहुतेक वेळा दहा ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये योग्य वेळ येते. पण कुलूप पूर्ण तीन आठवडे ठेवा. एकाच वेतातली पिल्लं दोन वेगवेगळ्या नरांची असू शकतात, आमच्या शेजारी झालंय, चार पिल्लं कारवानी आणि दोन झुपकेदार शेपटीची. मग वहीत काय लिहिणार, डीएनए टेस्टशिवाय इलाज नाही. दिवस साधारण 63. पहिल्या माजाला कधीच देऊ नका, 2017 च्या नियमात अठरा महिन्यांच्या आत मादीला द्यायचंच नाही असं आहे आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, धंदा म्हणून करायचं तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. मी स्वतः दोन वर्षांची होईपर्यंत थांबतो, कारण त्याच्या आधी तिचं काम कळतच नाही, आणि काम कळल्याशिवाय वेत घ्यायचं कशाला.

मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे, बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली येतं, तिथं एकदा जाऊन या. जात म्हणून मुधोळची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडं झालेली आहे, 2005 मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, सैन्यानं पण पिल्लं घेऊन मेरठला ट्रेनिंग दिलंय, ह्या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण एवढं नाव झाल्यावर भाव वाढला, आणि भाव वाढल्यावर बारीक कमरेचं कुठलंही कुत्रं मुधोळ म्हणून खपायला लागलं. म्हणून पिल्लू घ्यायला गेलात तर आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, शक्य असेल तर आईला पळताना बघा.

तब्येतीचं थोडक्यात. पिल्लांना दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपर ह्या जीवघेण्या रोगांची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची, तीन महिन्यांनी रेबीज. धनगराच्या कुत्र्यांना लस मिळतच नाही कारण ती फिरतीवर असतात, तुमच्या रानात बकरी बसली असतील तर डॉक्टरांना तिथंच घेऊन जा, पाच-सहा कुत्री एका दमात होतात. गोचीड तपासा, आपल्याकडं गोचीड तापानं चांगली चांगली कुत्री गेलीत. खायला ज्वारीची भाकरी, कण्या, ताक, अंडं, कधी मटणाचे तुकडे, आमच्या आजोबांनी ह्याच्यावरच वाढवली, पिल्लांना आणि गाभण मादीला मात्र अंडी-मटण जास्त लागतं. आणि एक नक्की लक्षात ठेवा, कारवानीच्या अंगात चरबी फार कमी, त्यामुळं ऑपरेशनच्या वेळी थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध दिलं तर ती लवकर शुद्धीवर येत नाहीत, कधी दगावतात पण. डॉक्टरांना आधीच सांगा की हे ग्रेहाउंडसारख्या अंगाचं कुत्रं आहे, दुसरं औषध वापरा. एकदा एका दवाखान्यात मी सांगायला विसरलो आणि रात्री दोनपर्यंत कुत्रीच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो.

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची गाडी गावात येते तेव्हा राखणीचं मोकळं कुत्रं पण उचललं जाऊ शकतं. नसबंदीला माझा विरोध नाही, ती व्हायलाच पाहिजे, उलट गावातली भटकी कमी झाली तर आपल्या मादीवर चुकून कुणी चढायची भीती कमी. फक्त वहीतल्या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा आणि मालकाचं नाव ठेवा आणि पंचायतीत आधी कळवा.

पिल्लं कुणाला द्यायची हा शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. पुण्या-बेंगळूरच्या फ्लॅटमधनं फोन येतात, पैसे चांगले देतात. मी सरसकट नाही म्हणत नाही, पण प्रत्येक वेतातली निदान दोन पिल्लं, एक नर एक मादी, ह्याच भागात कामाच्या घरी गेली पाहिजेत असं धरलंय. शेतकऱ्याला, मेंढक्याला मी पिल्लू फुकट देतो, एका अटीवर, पहिल्या वेतातलं एक पिल्लू मला नाहीतर मी सांगेन त्याला परत द्यायचं, आणि मेटिंगच्या आधी वही बघायची. कागदावर सही घेतो, साध्याच, स्टॅम्प पेपर नाही. आत्तापर्यंत अकरा जणांना दिलं, आठ जणांनी शब्द पाळला. आणि एका घरात सगळी कुत्री ठेवू नका, पार्व्हो आला तर एका आठवड्यात सगळं संपतं, तीन-चार गावांत वाटलेली असली की कुठंतरी राहतात.

सुगी झाली की आपल्या रानात बकरी बसायला येतात. ह्या वर्षी वाडा पडला की संध्याकाळी भाकरी बांधून घ्या, वही आणि मोबाईलची बॅटरी भरून घ्या आणि जाऊन बसा. कुत्र्यांना आधी लांबनंच बघू द्या, मेंढक्यानं हाक मारल्याशिवाय जवळ जाऊ नका. पहिला प्रश्न कुत्र्याचा विचारू नका, पावसाचा आणि चाऱ्याचा विचारा. मग हळूच विचारा, मामा, ह्या काळ्या कुत्रीची आई कुठली हो?